एकाच घराण्यातली इंजिनं

मी कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकून. तेव्हा "तुमचा इंजिनाशी संबंध काय?" असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण स्वस्तात इंजिन सुधारायची जी विद्या गॅरेजात चालते, ती मुळात वंशावळीची विद्या आहे असं माझं मत आहे. कुठलं इंजिन कुणाचं भावंडं, हे ज्याला ठाऊक त्याचेच पैसे वाचतात. आणि वंशावळ म्हटली की आम्हा गोंयकारांचे कान टवकारतातच!

उदाहरण घ्या ब्रिटनच्या ऑस्टिन 'ए-सिरीज' इंजिनाचं. १९५१ साली ऑस्टिन ए-३० गाडीत ते ८०३ सीसीचं म्हणून आलं आणि २००० साली जुनी मिनी बंद होईपर्यंत टिकलं. मधल्या काळात ८४८, ९४८, ९९८, १०९८, १२७५ सीसी अशी भावंडं झाली. आता गंमत बघा. ९९८ च्या सिलिंडरचा व्यास ६४.५८ मिलिमीटर, म्हणजे १०९८ चाच. स्ट्रोक ७६.२ मिलिमीटर, तो ९४८ चा. थोडक्यात, ज्याला आपण जुगाड म्हणून नाक मुरडतो ते कारखान्यानं स्वतःच केलं होतं.

मग मिस्त्रींनी केलं तर बिघडलं कुठे?

साधी ९९८ सीसीची मिनी ३८ अश्वशक्ती द्यायची. तेवढ्याच सीसीची मिनी कूपर ५५ द्यायची. फरक होता तो सिलिंडर हेड, दोन कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशन यांत. कूपरचं मोठ्या व्हॉल्व्हचं हेड (त्यावर ओतलेला नंबर १२जी२९५) एमजी ११०० या घरगुती मोटारीवरही असायचं. कूपर महाग, पण भंगारातली ११०० स्वस्त. तिचं हेड काढायचं, आपल्या मिनीवर चढवायचं. व्यास एकच, त्यामुळे बिनतक्रार बसतं.

याच्यापुढचा मोह म्हणजे १२७५ चं हेड. व्हॉल्व्ह आणखी मोठे, वरून बसतंही. पण लहान व्यासाच्या ब्लॉकवर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह खाली येताना ब्लॉकच्या कडेला आपटतो, म्हणून तिथे खाच पाडावी लागते. शिवाय हेड बदललं की कॉम्प्रेशनही बदलतं.  आमच्या उत्सवी नाटकांत शेजारच्या गावचा मुकुट उसना आणतात, तसंच हे. मुकुट भरजरी असला तरी डोक्याचं माप आधी घ्यायचं असतं.

आणखी एक गोष्ट. कूपरला ताकद वाढवून देताना कारखान्यानं पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. आपल्याकडचे हौशी वीर नेमकं हेच विसरतात. पळायची सोय आधी, थांबायची मागाहून. हे मला अजिबात मान्य नाही.

आपल्याकडे ही नाती मारुतीत सापडतात. जुन्या झेनचं ९९३ सीसीचं आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं, दोन्ही इंजिनं सुझुकीच्या 'जी' घराण्यातली. म्हणून झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवायची टूम निघाली. पण इथे आमचं खातं, म्हणजे कागद, आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकानं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल करू नका. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. पुस्तकात सीसी लिहिलेले असतात, त्यामुळे अख्खं इंजिन बदललं की पंचाईत.

कायदा असावाच. रस्ता काही कुणाच्या हौसेची प्रयोगशाळा नव्हे. पण त्याच कलमात सीएनजी किटसाठी वाट ठेवलेली आहे. मंजूर किट बसवा, नोंद करा, चालवा. ब्रिटनमध्ये तर इंजिन बदललं की ते कळवून नोंद दुरुस्त करून घेता येते. मग त्याच घराण्यातलं इंजिन, ब्रेकची आणि धुराची तपासणी, ठरावीक शुल्क, अशी खिडकी आपल्याकडे का नको? इतकी वर्षं टेबलामागे बसून एवढं नक्की कळलंय: जिथे अर्ज घ्यायची खिडकी नसते, तिथे लोक परसदारानं येतात. आणि परसदारानं आलेल्याचे ब्रेक कोणी तपासत नाही.

दुसरी चिंता विद्येची. आताची इंजिनं संगणकावर चालतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर भावाचा भाग भावाला लावणं आणखी अवघड झालं. हातात घेऊन 'हा अमक्याचा' म्हणून सांगणारे मिस्त्री म्हातारे होताहेत. त्यांच्याजवळची वंशावळ कुठल्या पोथीत नाही. ते आहेत तोवर कोणीतरी वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसायला हवं. देवळातल्या महाजनांची नावं आपण जपून ठेवतो, मग हीच का नकोत?