दादीलाही चावेल असा स्टेक

दस्तरखान



गेल्या महिन्यात आमच्या थोरल्याचा पहिला पगार झाला. बोईसरच्या एमआयडीसीत नुकताच लागलाय. म्हणाला, "अम्मी, आज घरी गॅस पेटवायचा नाही." कोळगावहून आम्ही सहाजण मनोरच्या बाजूला हायवेवरच्या एका हॉटेलात गेलो. मुलांनी स्टेक मागवला. तापलेल्या लोखंडी ताटलीवर चरचरत आला, मुलं खूश. माझ्या सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. वरचे चारच दात उरलेत त्यांचे. मग कुस्करलेला बटाटा आणि पावाचा मऊ भाग खाऊन म्हणाल्या, "भरलं पोट."

थोरल्याने ते पाहिलं होतं. परत येताना गाडीत गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, "दादीला खिलवायचं म्हणून नेलं, आणि दादीच उपाशी आली."

मी मनाशी ठरवलं, हा पदार्थ घरी करायचा, आणि दादीच्या दातांना जमेल असा करायचा.

पहिल्या खेपेला फसले. बकऱ्याच्या रानाचे जाडजूड तुकडे आणले, अर्धी कच्ची पपई वाटून चोपडली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. म्हटलं, जास्त पपई, जास्त मऊ. सकाळी बघते तर वरून पिठाळ चिकट लगदा, तव्यावर टाकल्यावर सुटायला लागला, आणि आत मात्र तसाच वातड! अम्मींनी बोटाने दाबून पाहिलं आणि हसल्या. "रात्रभर? अगं, आम्ही पसंदे करायचो तेव्हा पाट्यावर मसाला वाटून व्हायचा तेवढा वेळच पपई लावायचो. आणि एवढे जाड काप? सुरीच्या पाठीने ठेचून पातळ करायचे."

गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली, कारण मला मागाहून समजलं. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं. ते गोश्ताचे धागे तोडतं, पण काम करतं फक्त वरवर. आत खोल जात नाही. म्हणून जाड तुकड्याला कितीही वेळ लावली तरी बाहेरचा थर विरघळतो आणि मधला भाग तसाच राहतो. आत हळूहळू मुरतं ते मीठ. म्हणजे रात्रभर ठेवायचं ते मीठमसाल्यात, पपई फक्त शेवटच्या तासाला.

मग हॉटेलात पपईशिवायही मऊ कसा होतो? तिथे भागच वेगळा असतो. 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या हॉटेलांत स्टेक म्हणून मिळतं ते बहुधा म्हशीचं गोश्त. त्यात कण्याच्या आतल्या बाजूला एक लांबट पट्टी असते, मुंबईत तिला 'अंडरकट' म्हणतात. जनावराला चालताना तो स्नायू फारसा लागत नाही, म्हणून तो मुळातच मऊ. पण एका जनावरात अशा दोनच पट्ट्या. तुम्हाला ओळखीच्या, परवानाधारक दुकानातून अंडरकट मिळाला तर पपई लावूच नका, मीठ, मिरी, लसूण पुरे. नाही मिळाला तर रान घ्या आणि अम्मींच्या पद्धतीने करा.

साहित्य : बकऱ्याच्या रानाचं बिनहाडाचं गोश्त अर्धा किलो, आलं-लसूण वाटण 1 मोठा चमचा, जाडसर कुटलेली काळी मिरी 1 लहान चमचा, दाट चिंचेचा कोळ 1 मोठा चमचा, तेल 2 मोठे चमचे, सालीसकट वाटलेली कच्ची पपई 1 मोठा चमचा, मीठ, थोडं लोणी किंवा तूप, कोळशाचा एक तुकडा.

कृती : मटणवाल्याला सांगा, पसंद्यासाठी काढतात तसे धाग्याला आडवे काप काढून द्या. धागा उभा राहिला की कितीही शिजवा, चावताना दोरीसारखा लागतो. काप घरी सुरीच्या पाठीने ठेचून साधारण 1 सेंटिमीटर जाडीचे करा.

मीठ, मिरी, आलं-लसूण, चिंच आणि तेल लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. भाजण्याच्या तासभर आधी पपई लावा. घड्याळ बघा, पाहुणे उशिरा येणार असतील तर पपईही उशिरा लावा.

बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा चांगला तापवा. कापांवरचा मसाला हाताने निपटून काढा आणि ओलावा कपड्याने टिपून घ्या. ही पायरी बहुतेकजणी सोडतात. ओलं गोश्त तव्यावर आधी वाफेत शिजतं, त्याला तो तपकिरी खरपूस रंग येतच नाही. एका वेळी तीनच काप टाका, गर्दी केली की पाणी सुटतं. मोठ्या आचेवर प्रत्येक बाजू अडीच-तीन मिनिटं. शेवटी लोणी सोडा. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, लगेच कापलं तर रस ताटात वाहून जातो.

हॉटेलच्या निखाऱ्याचा वास हवा असेल तर धुंगार द्या. पेटलेला कोळसा वाटीत, वर तुपाचा थेंब, दोन मिनिटं झाकण. खिडकी उघडी ठेवा.

दात कमजोर असलेल्यांचे काप वेगळे काढा. खरपूस झाल्यावर त्यांवर दोन चमचे पाणी शिंपडा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं झाकून ठेवा. रंग थोडा कमी होतो, पण चव तीच राहते.

दोन गोष्टी भगिनी हमखास विचारतात. पहिली, परदेशी पाककृतींत मसाल्यात रेड वाइन असते, तिचं काय करायचं? तिचं काम आंबटपणा आणि रंग देण्याचं. चिंच, डाळिंबाचा रस किंवा सिरका तेच काम करतो. तयार सॉसच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचा, आणि हॉटेलात गोश्त हलाल आहे का, सॉसमध्ये दारू आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दुसरी, अर्धवट भाजलेल्या स्टेकमधून येणारं लाल पाणी रक्त असतं का? ते प्रामुख्याने पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं लाल प्रथिन असतं, वाहतं रक्त जबह करतानाच निघून जातं. तरीही वयस्कर, गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी गोश्त आतपर्यंत शिजवा. पोटाला तेच बरं.

दुसऱ्या खेपेला रविवारी केलं. थोरल्याची सेकंड शिफ्ट होती, म्हणून बारालाच दस्तरखान घातलं. अम्मींच्या ताटात झाकून शिजवलेले दोन काप, बारीक चिरलेले. बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? जेवा की." दोन्ही काप संपले. तिसरा त्यांनी मागून घेतला.

थोरला कामाला निघाला तेव्हा डब्यात दोन काप दिले. तो म्हणाला, "दादीला ठेव." अलहम्दुलिल्लाह, दादीचे आधीच ठेवले होते.