हनुसंधीचें दुखणें : कोणाकडे जावें?

कानाजवळ ठणका लागला कीं प्रथम कानांत तेल पडतें. कान निर्दोष ठरला कीं दाढ उपटण्याची भाषा सुरू होते. या भ्रमंतींत मूळ दुखणें तसेंच राहतें. हें दुखणें स्त्रियांत अधिक आढळतें. आणि भाकरी आमटींत भिजवून मुकाट्यानें गिळणाऱ्या सुनेची चौकशी घरांत सर्वांत शेवटीं होते.

कानाच्या अगदीं पुढें बोट ठेवून तोंड उघडावें. बोटाखालीं हालतो तो हनुसंधि. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेंही सरकतो. त्याची वेदना कानांत भासते. अमेरिकेंतील कर्णरोगतज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनीं १९३४ सालीं याचा संबंध गळालेल्या दातांशीं जोडला. पुढें ती उपपत्ति मागें पडली. सुश्रुतसंहितेंतही निखळलेला हनुसंधि शेकून बसविण्याचा व बांधण्याचा विधि आहे.

प्रथम दंतवैद्याकडे जावें. त्यानें दातांबरोबर सांधा व चर्वणाचे स्नायूही चाचपले पाहिजेत. तेवढ्यानें निदान न झाल्यास ‘ओरल मेडिसिन’ या विषयांतील एम. डी. एस. तज्ज्ञ गांठावा. सांधा निखळल्यास किंवा अडकल्यास मुखशल्यचिकित्सक हवा. दंतमहाविद्यालयांत हे दोन्ही विभाग एकाच छपराखालीं असतात. व्यायामासाठीं फिजिओथेरपिस्टचें साहाय्य घ्यावें. कान वाहत असेल किंवा ऐकूं कमी येत असेल, तरच कर्णवैद्याकडे वळावें.

चांगला चिकित्सक रात्रीं दात खाण्याची संवय व मनाची काळजी यांविषयीं विचारतो. मऊ आहार, शेक, विश्रांति यांपासून आरंभ करितो. बहुतेकांस एवढ्यानेंच आराम पडतो. पहिल्याच भेटींत निरोगी दात घासण्याची किंवा शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, तर दुसऱ्याचें मत अवश्य घ्यावें.

तीन प्रसंगीं मात्र विलंब नको. जिना चढतांना जबडा दुखून छाती आवळली, तर हृदयाची शंका धरून तत्काळ रुग्णालय गांठावें. पन्नाशीपुढील माणसाचीं कानशिलें नव्यानें दुखूं लागलीं, चावतांना जबडा थकूं लागला किंवा दृष्टि अंधुक झाली, तर त्याच दिवशीं वैद्यास दाखवावें. हा धमनीदाह दृष्टि हिरावूं शकतो. सुपारी-तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडांत स्वतःचीं तीन बोटें उभीं मावेनाशीं झालीं, तर ती कर्करोगाची पूर्वसूचना असूं शकते.

तेव्हां आज पंक्तींत कोण हळू जेवत आहे, इकडे लक्ष असूं द्यावें.