करीना लिहून घ्या

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मर्दानी खेळांचे प्रात्यक्षिक झाले. दांडपट्टा उत्तम फिरला, लिंबू कापून झाले, विटा फेकून झाला. शेवटी मुलांना शस्त्रे जवळून पाहू दिली. चौथीतल्या एका मुलाने विचारले, "ही तलवार किती किलोची आहे?" तलवार धरलेला तरुण म्हणाला, "पंधरा किलो. आमचे मूळपुरुष हीच घेऊन पानिपतावर लढले." मुलाचे डोळे विस्फारले. कार्यक्रम आटोपल्यावर मी त्या तरुणाला शेजारच्या किराणा दुकानात नेले आणि तलवार काट्यावर ठेवायला सांगितली. भरली एक किलो दोनशे ग्रॅम.

तो खोटे बोलत नव्हता, हे आधी सांगतो. खंडेनवमीला त्या तलवारीला हळदकुंकू वाहताना त्याने आजोबांकडून हेच ऐकले होते आणि आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून. काट्याकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, कारण खरे वजन कळल्यावर त्याच्या पूर्वजाचा पराक्रम कमी होत नव्हता, उलट समजण्यासारखा होत होता. पंधरा किलोची वस्तू घोड्यावर बसून दिवसभर कोणालाच चालवता येणार नाही. किलो-सव्वा किलोचे पाते, बरोबर तोललेली मूठ आणि वर्षानुवर्षे घोटलेले मनगट, एवढ्यावर माणसे लढली.

आपण अंगरखा घालून, मुंडासे बांधून लोकांपुढे उभे राहतो तेव्हा आपले बोलणे पुस्तकापेक्षा जास्त खरे मानले जाते. पुस्तकाशी वाद घालता येतो. समोर घामाने निथळत उभ्या असलेल्या मावळ्याशी कोण वाद घालणार? त्या मुलाच्या डोक्यात पंधरा किलो आता कायमचे बसले. म्हणून हा विषय आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाचा आहे: आखाडे चालवणाऱ्या वस्तादांचा, रायगडावर सहा जूनच्या सोहळ्याची तयारी करणाऱ्यांचा, शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी पोशाख शिवणाऱ्यांचा.

घरात सांगत आलेली हकिकत आणि दप्तरातला कागद यांचे भांडण आपल्याकडे नवे नाही, आणि ते कसे मिटवायचे याची रीतही आपल्याच मुलखात घडलेली आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्षांना आपापला करीना लिहून द्यावा लागे. मूळपुरुष कोण, वतन कसे मिळाले, कोणी बळकावले, कोण मेले, कोण परागंदा झाले, हे सगळे घराण्याला आठवत असेल तसे. गोतसभा हा करीना ऐकून घेई. कोणी त्याला हसत नसे. पण निवाडा निव्वळ करीन्यावर होत नसे. सनदा मागितल्या जात, साक्षी होत, भोगवटा कोणाचा ते पाहिले जाई, आणि काहीच जुळले नाही तर दिव्यापर्यंत गोष्ट जाई. शेवटी महजर होई आणि त्यावर पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. करीना हा पुराव्याचा आरंभ असतो, हे निशाण्या करणाऱ्या त्या निरक्षरांना नीट ठाऊक होते.

याच रीतीचे सर्वांत मोठे फळ आपण दरवर्षी १९ फेब्रुवारीला साजरे करतो. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला, असे बखरींच्या आधारे कितीतरी वर्षे मानले जात होते. मग भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली बाहेर आली आणि लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तंजावरात सदाशिव महादेव दिवेकरांना कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' मिळाले, त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. एकमेकांना न ओळखणारे, शेकडो मैलांवरचे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले.

यातले पहिले पान एका घराण्याच्या कागदांच्या रुमालातून निघाले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वाद घर विरुद्ध पुराभिलेखागार असा नाहीच. जेध्यांच्या घरी शकावली होती, तसा 'जेधे करीना'ही होता, आणि अभ्यासक दोन्ही वाचतात, पण वेगवेगळ्या नजरेने. शकावली कोरडेपणाने तिथी आणि घटना नोंदते. करीना घराण्याची बाजू मांडतो. ही नजर आपल्याला कमवायची आहे.

घराण्याची बाजू किती दूरवर पोहोचते याचे उदाहरण संभाजी महाराजांचे आहे आणि ते सांगताना मन दुखते. बाळाजी आवजी चिटणीसांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहान्त शिक्षा झाली. त्यांचेच वंशज मल्हार रामराव चिटणीस यांनी १८१० च्या सुमारास बखर लिहिली. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली होती, पण घरातली जखम भरली नव्हती. त्या बखरीतला संभाजी नाटकांत गेला, कादंबऱ्यांत गेला, शाळेच्या धड्यांत गेला. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्याची चाळीसेक वर्षे कागद गोळा करण्यात घालवली आणि १९६० मध्ये त्यांचे संभाजी-चरित्र आले, तेव्हा कुठे वेगळा राजा दिसू लागला. चिटणीसांनी जाणूनबुजून खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. त्यांनी घरात ऐकले ते लिहिले. आपणही तेच करतो.

याच बेंद्र्यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचे समकालीन चित्र लोकांपुढे आणले. तोवर दुसऱ्याच कोणा सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून घरोघरी लागत होते. लोकांनी त्या चित्रापुढे हात जोडले होते, आणि ती भक्ती खरी होती; चित्र तेवढे चुकीचे होते. सतराव्या शतकातली जी चित्रे युरोपीय संग्रहांत टिकली आहेत त्यांत महाराजांच्या डोक्याला बांधलेले वस्त्र आणि तुरा दिसतो. आज दुकानात मिळणारा कडक, शिवून तयार केलेला जिरेटोप त्या चित्रांशी ताडून पाहा. मी तो घालू नका म्हणत नाही. तो रंगभूमीने आणि चित्रपटाने घडवला आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. पेशवाईच्या प्रसंगात सर्रास पुणेरी पगडी घातली जाते, तीही एकोणिसाव्या शतकातली. आणि 'पेशवेकालीन पंगत' म्हणून साबुदाण्याची खिचडी वाढली जाते तेव्हा मला खरेच त्रास होतो, कारण सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणविसांनी काढलेली पंगतीच्या व्यवस्थेची याद उपलब्ध आहे. इतका बारीक तपशील हाताशी असताना आपण अंदाजाने का वाढावे?

रायगडाचे तसेच. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सोहळ्याला इंग्रज वकील हेन्री ऑक्सिंडन हजर होता आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले: सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेले भाले, त्यांवर मोठ्या दातांच्या माशाची शिरे, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा तराजू. एवढे देखणे वर्णन असताना कितीतरी मंच प्लास्टिकच्या सिंहांवर भागवतात.

वाघनखांचा विषय टाळणार नाही, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती रांगेत उभे राहून पाहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ती वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्यातून ती लंडनच्या संग्रहालयाला मिळाली. त्यांच्या पेटीवर, अफझलखानाला मारले ती हीच, अशा अर्थाचा मजकूर आहे. म्हणजे तोही एक करीनाच, फक्त इंग्रजीतला. ही वाघनखे महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतः सांगते. १६५९ आणि ग्रँट डफ यांच्या मध्ये जवळजवळ १६० वर्षे आहेत आणि त्या वर्षांचा माग लागत नाही. मी साताऱ्याला गेलो. काचेपाशी उभा असताना अंगावर काटा आला, हे लपवत नाही. तरीही प्रात्यक्षिकात 'हुबेहूब तीच' असे मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अमेरिकेत आपल्यासारखेच काम करणारी, वसाहतकाळाचे पोशाख घालून तो काळ उभा करणारी मंडळी आहेत. त्यांच्यापुढेही हाच पेच आहे. फिलाडेल्फियाच्या बेट्सी रॉस या शिवणकाम करणाऱ्या बाईने देशाचा पहिला झेंडा शिवला, ही गोष्ट तिकडे प्रत्येक मूल ऐकते. ती जाहीरपणे पहिल्यांदा सांगितली तिच्या नातवाने, १८७० मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळापुढे. आधार होता तो नातेवाइकांनी शपथेवर सांगितलेल्या आठवणींचा. झेंड्याचा कागद मिळालेला नाही. पण १७७७ च्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या आरमाराने जहाजांची निशाणे शिवल्याबद्दल तिला पैसे दिले, ही नोंद सापडते. घरच्या गोष्टीतली बाई, कापड आणि सुई खरी निघाली; 'पहिला' हा शब्द तेवढा लोंबकळत राहिला. आपल्याकडच्या कित्येक गोष्टींचे असेच होईल, असे मला वाटते.

माझ्या घरच्या गोष्टीचे झाले आहे. आमचे एक पूर्वज पानिपतावर कामी आले, असे आजी सांगायची. त्यांच्या नावाने सर्वपित्रीला पान वाढले जाई. पुढे माळ्यावरच्या एका रुमालात मोडीतला एक कागद निघाला: घोड्यांच्या चंदीचे पैसे पावले, अशी पावती. खाली त्याच पूर्वजाचे नाव. वर्ष 'सलास सबैन मया व अलफ', म्हणजे ११७३ चा सुहूर सन, म्हणजे इसवी सन १७७२-७३. पानिपत १७६१ चे. मेलेल्या माणसाने बारा वर्षांनी पैसे घेतले होते. मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो. नंतर लक्षात आले, नावापुढे 'बिन' नाही, बापाचे नाव नाही. आमच्यात पुतण्याला काकाचे नाव ठेवण्याची चाल आहे. तेव्हा पावती पुतण्याची असेल किंवा काका जिवंत परतले असतील. दुसरा कागद मिळेपर्यंत मी कोणत्याही बाजूने बोलणार नाही. पान अजून वाढतो.

आखाड्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक आहे. 'हा पवित्रा शिवकाळापासून चालत आला' असे आपण म्हणतो. अंगातली विद्या कागदावर येत नाही. पट्ट्याचा हात कसा वळतो हे कोणत्याही रुमालात मिळणार नाही. म्हणून वस्तादांच्या सांगण्याला मी ऐकीव म्हणून बाजूला ठेवायला तयार नाही. पण वस्तादांनी हा हात कोणाकडून घेतला, त्यांनी कोणाकडून, कोणत्या गावात, हे तरी विचारून लिहून ठेवू या. पुष्कळ ठिकाणी तीन पिढ्या मागे जाता येईल, चौथीपाशी थांबावे लागेल. मग 'तीन पिढ्यांपासून' असे म्हणावे. त्यात कमीपणा कसला? १९०० च्या आसपासच्या एखाद्या वस्तादाचे नाव आणि गाव ठामपणे सांगता येणे हे मोठे धन आहे, आणि ते रोज आपल्या हातून निसटते आहे.

या अंकापासून आम्ही एक बदल करतो आहोत. मासिकात येणाऱ्या प्रत्येक शस्त्राच्या, वस्त्राच्या आणि प्रसंगाच्या माहितीखाली ती कुठून आली ते एका शब्दात छापू: कागद, वस्तू, चित्र किंवा करीना. करीन्याला इथे मानाची जागा आहे. मात्र तो पाठवताना सांगणाऱ्याचे वय, गाव, कोणाकडून ऐकले आणि कधी, हे लिहा. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसेच ठेवा. ते सुधारू नका, शुद्ध करू नका, पराक्रम वाढवू नका. जमल्यास आवाज मुद्रित करा. मोडी येत नसेल तर शिका. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात आणि सदाशिव पेठेत १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी कागदांसाठी किती घरांचे उंबरे झिजवले आणि किती ठिकाणी दप्तरे वाळवीने खाल्लेली पाहिली, हे आठवले की, आपल्याला हाताशी असलेल्या रुमालाची गाठ सोडण्याचाही आळस येतो याचे मला वाईट वाटते.

सुरुवातीला ज्याच्याबद्दल लिहिले त्या तरुणाचा परवा फोन आला. तलवारीच्या पात्यावर मुठीजवळ काही अक्षरे दिसतात, ती फिरंगी वाटतात, म्हणाला. आजोबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना अजून सगळे आठवते. मी त्याला सांगितले, अक्षरांचे छायाचित्र सावकाश काढ, ती कुठे जात नाहीत. आधी आजोबांपाशी वही घेऊन बस.