'घाबरू नका' म्हणणं बंद करा!

रूट कॅनालसाठी खुर्चीत बसलेल्या माणसाला दिला जाणारा सगळ्यात निरुपयोगी सल्ला कोणता? "घाबरू नका, काही होत नाही." अहो, काही होत नाही तर तोंडावर तो दिवा कशाला? माझं तर स्पष्ट मत आहे, हे वाक्य पेशंटला धीर द्यायला नसतंच, त्याने प्रश्न विचारू नयेत म्हणून असतं.

आपण आयटीवाले रात्री सर्व्हर रीस्टार्ट करायचा तरी दोन दिवस आधी मेल टाकतो. इथे जबड्यात सुई जाणार, आणि सूचना काय? तर "आ करा"!

सांगा की नीट. दाताच्या आतला सुजलेला गर (त्यातच नस आणि रक्तवाहिन्या) काढायचा, पोकळी साफ करायची, भरून टाकायची. एवढंच. लिग्नोकेन हे भुलेचं औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं, म्हणजे आपल्यावर प्रयोग चाललेला नाही. त्यात बऱ्याचदा ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे इंजेक्शननंतर काही मिनिटं छातीत धडधडू शकतं. हे ठाऊक नसलेल्याला वाटतं, आला हार्ट अटॅक! ठाऊक असलेला घड्याळ बघत बसतो. (बीपी, हृदयविकार, चालू औषधं मात्र आधीच सांगायची.)

दुसरं. दाढ फार सुजलेली असली, त्यातून खालची असली, तर कधी कधी पहिली भूल पुरत नाही. हा तुमचा भित्रेपणा नव्हे. आणखी भूल मागायची, हक्काने मागायची. आणि तोंडात हत्यारं असताना बोलणार कसं? म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका: डावा हात वर केला की थांबायचं. थांबवणं आपल्या हातात आहे एवढं कळलं तरी निम्मी भीती उतरते.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं डॉक्टर म्हणतील. दोन मिनिटं लागतात हो! नाही दिली, तर घाबरलेला माणूस पेनकिलर गिळत महिनोन्‌महिने काढतो आणि शेवटी वाचू शकला असता तो दात उपटावा लागतो. भीतीची किंमत ही अशी, आणि ती पेशंटच भरतो.

आणि हो, ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वतःच्या रूट कॅनालच्या भयकथा रंगवून सांगणाऱ्या मित्रांनो, तुम्हीही जरा आवरा.

असो. दाढ ठणकत असेल तर वाचत काय बसलात? अपॉइंटमेंट घ्या. आणि जाताना प्रश्न लिहून न्या.