डीएनएची अक्षरं मोजली, अर्थाचं काय?

‘हे तर आमच्या डीएनएतच आहे!’ कॉलेजच्या कट्ट्यापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे वाक्य हल्ली सारखं कानावर पडतं. धंदा, शौर्य, अगदी जातीचा अभिमानसुद्धा म्हणे डीएनएत लिहिलेला! पण तिथे नेमकं लिहिलंय किती? आणि ते मोजतात कसं?

डीएनएची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. ‘हो की नाही’च्या एका उत्तराला एक बिट म्हणतात. चारांतून एक अक्षर ओळखायला असे दोन प्रश्न पुरतात. म्हणून एका अक्षरात जास्तीत जास्त दोन बिट माहिती मावते. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. म्हणजे ६०० कोटी बिट, साधारण ७५० मेगाबाइट. आपली सगळी पोथी पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात राहील!

बिटमध्ये माहिती मोजण्याची रीत क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडली, आणि या मापाचा अर्थाशी संबंध नाही हेही तेव्हाच सांगून टाकलं. त्यामुळे गंमत होते. नुसतं ‘एएएए’ लिहीत गेलं तर माहिती शून्य. चिठ्ठ्या टाकून वाटेल तशी अक्षरं जुळवली तर सर्वांत जास्त! कांद्याचा डीएनए आपल्या सुमारे पाचपट आहे. म्हणून कांदा काही आपल्यापेक्षा शहाणा नाही.

मग अर्थ येतो कुठून? मला वाटतं, वाचण्यातून. पेशीतला वाचक म्हणजे रायबोसोम. डीएनएवरून उतरवलेली आरएनएची नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचत तो प्रथिनं गुंफतो. त्याच्या कोशात शब्द ६४, अर्थ मात्र २१: वीस अमिनो आम्लं आणि एक पूर्णविराम. बाकी सगळे समानार्थी शब्द! या वाचकाची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले वेंकी रामकृष्णन बडोद्यात वाढलेले. १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, तीही भौतिकशास्त्राची.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे त्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालयं उभी करायला घेतली. पुस्तकांच्या आधी वाचक घडवायला हवा, हे त्या राजाने ओळखलं होतं.

पेशीतही तेच. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत पोथी एकच, पण उघडलेली पानं वेगळी. म्हणून कुणी ‘रक्तातच आहे, डीएनएतच आहे’ म्हणत माणसाची लायकी ठरवायला लागलं, तर त्याला बिनधास्त विचारा: कोणती अक्षरं? आणि ती वाचली कुणी?