ओळख आधी हवी

पोलीस वस्तीत आला की आपण दार लोटून घेतो. घरचा पोरगा उचलून नेला की मगच ठाण्याची पायरी चढतो, तीही हात जोडून. आम्ही लोकांचे अर्ज लिहून देतो, सोबत जातो, तरी आत शिरताना आमचीही छाती धडधडते.

अशा वेळी भिवंडी आठवते. यंत्रमागांवर राबणाऱ्यांचे हे शहर १९७० आणि १९८४ साली दंगलीत होरपळले. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त झाले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. हिंदू-मुसलमान निम्मे निम्मे, बहुतेक साधी माणसे, सोबत त्या भागातले पोलीस. छोट्या-मोठ्या तक्रारी तिथेच बोलल्या जात. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही अशा कमिट्या निघाल्या.

यात जादू नव्हती. अफवा उठली तर खरे काय ते विचारायला ओळखीचा माणूस होता, एवढेच.

मात्र कमिटी म्हणजे खबरेगिरी नव्हे. अन्याय-अत्याचार झाला तर समझोत्यावर भागवू नका. गुन्हा नोंदवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या.

पण भांडण नसतानाही एकदा जाऊन या. वस्तीतले पाच-सात जण, त्यात आयाबहिणीही असाव्यात. आपली नावे सांगा, साहेबांचे विचारा. सोबत हवी असेल तर आम्ही येतो.