ताळा करून पाहिला का?

परवा संध्याकाळी माझी दहावीतली लेक वही आपटून म्हणाली, "आई, मी अकरावीला आर्ट्सच घेणार. गणित नको म्हणजे नको!" पोटात धस्स झालं. आर्ट्स वाईट म्हणून नव्हे, मी स्वतः बी.ए. आहे. पण मीही गणिताला भिऊनच तिकडे गेले होते. "मुलीच्या जातीला एवढं पुरे," म्हणत घरात कुणी अडवलंही नव्हतं.

भाजी निवडत तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मी सगळं विसरले बाई. तूच मला एकेक पायरी सांग." उदाहरण होतं, ३(क्ष – ४) = २क्ष + ५. तिनं कंस सोडवून ३क्ष – ४ लिहिलं, उत्तर आलं ९. गाईडमध्ये १७. मी विचारलं, "अगं, कंसात दोघं बसलेत ना? पंगतीत एकालाच वाढून पुढं जातात का?" ती हसली, खोडलं, ३क्ष – १२ लिहिलं. आता क्ष आला १७. "ताळा कर बरं." डावीकडे ३ गुणिले १३ म्हणजे ३९, उजवीकडे ३४ अधिक ५, तेही ३९. चेहरा असा खुलला म्हणता!

शेजारची अकरावीतली मुलगीही मग वही घेऊन येऊ लागली. तिचं अवकलन मला काय कळणार? पण मोठ्यानं सांगता सांगता तीच थांबली, "काकू, मी 'एच' आधीच शून्य धरला, म्हणून वर शून्य, खाली शून्य झालं. आधी भागायला हवं होतं." मी नुसतं ऐकत होते हो!

मैत्रिणींनो, बचत गटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तर आपण काय करतो? ओळ न् ओळ मागं जाऊन चूक शोधतो. मग लेकीनं गाईडमधलं उत्तर उतरवलं तर गप्प का बसतो? बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांनाही गुण असतात. अन् न समजता उतरवलेली पायरी परीक्षेत आठवत नाही.

गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी संसार, मुली सांभाळत १९८१ साली गणितात पीएच.डी. मिळवली. पुढे मुलांसाठी सोप्या मराठीत गणितावर लिहिलंही. २०२३ साली त्या गेल्या. चूल आणि गणित एका घरात नांदू शकतं, हे त्यांनी दाखवलं.

लेकीला मी एवढंच सांगितलंय, आर्ट्स घ्यायचं तर आवडीनं घे, भीतीनं नको. तुम्हीही रोज अर्धा तास लेकीजवळ बसा. उत्तर नाही आलं तरी चालेल, फक्त विचारा, "ही पायरी कुठून आली गं? ताळा केलास का?"